बॅम्बीच्या जंगलातलं चिनी धुकं

डिझ्नी स्टुडिओचा हिमगौरीवरचा चित्रपट १९३७च्या अखेरीस आला आणि तुफान चालला. स्टुडिओने हाती घेतलेल्या पुढच्या कामांपैकी एक होतं 'बॅम्बी', हरणाच्या एका पाडसाची गोष्ट. हिमगौरीत रंगवलं तसंच जंगल इथेही रंगवायचं, हे कोणाच्याही मनात आलं असतं: पान न् पान, सालीवरची भेग न् भेग, मुळांची गुंतवळ. तसे प्रयत्न झालेही. मॉरिस डे नावाच्या चित्रकाराने अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या जंगलांची भरपूर छायाचित्रं काढून आणली. अभ्यासासाठी खरी पाडसं स्टुडिओत आणून ठेवली. पण चित्रं समोर ठेवली की घोटाळा दिसायचा. जंगल इतकं भरगच्च होत होतं की त्यात हरीणच हरवत होतं.

हा पेच सोडवला टायरस वाँग या तरुण चिनी चित्रकाराने. तो स्टुडिओत अगदी खालच्या पायरीवर होता. गोष्ट ऑस्ट्रियातली, पैसा आणि यंत्रं अमेरिकेची, आणि उपाय आला हजारेक वर्षांपूर्वीच्या चीनमधून. परदेशातून आलेला चित्रकार आपल्याकडची पद्धत घेऊन परक्या मातीतल्या गोष्टीला भिडतो तेव्हा नक्की काय घडतं, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. कारण इथे सगळं तपासून पाहता येतं. अडचण काय होती ते ठाऊक आहे, उपाय काय केला ते पडद्यावर दिसतं.

आधी अडचण नीट पाहू. त्या काळच्या ॲनिमेशनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींवर ठेवून छायाचित्र घेत. खाली कागदावर रंगवलेली पार्श्वभूमी, तिच्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पत्रा आणि त्या पत्र्यावर रंगवलेलं पात्र. पार्श्वभूमी जागेवर राहते, पत्रे बदलत जातात, म्हणून पात्र हलल्यासारखं दिसतं. पात्राला ठळक बाह्यरेषा असते आणि आत सपाट रंग भरलेला असतो. हिमगौरीच्या अंगावर निळा-पिवळा पोशाख होता, त्यामुळे ती कुठल्याही जंगलात उठून दिसायची. बॅम्बी तपकिरी. झाडांची खोडं तपकिरी, वाळलेली पानं तपकिरी, माती तपकिरी. त्यात मागच्या प्रत्येक पानालाही कडक कडा दिल्या, तर डोळ्याने बघावं कुठे?

वाँग १९३८मध्ये डिझ्नीत लागला तो 'इन-बिटवीनर' म्हणून. मुख्य ॲनिमेटर हालचालीतल्या ठळक अवस्था काढतो, आणि त्या दोन अवस्थांमधली चित्रं भरण्याचं काम इन-बिटवीनर करतो. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात, तेव्हा हे किती कंटाळवाणं आणि डोळे फोडणारं काम असेल याची कल्पना करा. कला शाळेत पाच वर्षं शिकलेल्या माणसाला ते जड जाणारच. 'बॅम्बी'ची तयारी सुरू असल्याचं कळल्यावर त्याने मूळ कादंबरी वाचली. फेलिक्स झाल्टन या व्हिएन्नातल्या लेखकाची ती १९२३ची कादंबरी. वाचून त्याने आपल्या मनाने जंगलाची छोटी छोटी चित्रं रंगवली आणि कलादिग्दर्शक टॉम कॉड्रिक यांना नेऊन दाखवली.

त्या चित्रांत जंगल जवळजवळ नव्हतंच. उंच सरळ खोडं, त्यांचे शेंडे चौकटीच्या बाहेर गेलेले, बुंधे धुक्यात विरलेले. मधे कुठेतरी थोडासा उजेड आणि त्या उजेडात बोटभर हरीण. पानं दोन-चार ठिकाणी, तीही हरणाच्या आसपास. बाकी सगळीकडे ओला, पसरलेला रंग. तरी पाहणाऱ्याला दाट रान दिसत होतं, त्याचा गारवाही जाणवत होता. स्वतः वॉल्ट डिझ्नी यांना ही चित्रं पसंत पडली आणि अख्ख्या चित्रपटाचा दृश्य बाज त्या चित्रांवरून ठरला.

हे त्याला सुचलं कसं, हे समजायला चिनी चित्रकलेकडे वळावं लागेल.

सोंग राजवटीच्या काळात, म्हणजे साधारण ९६० ते १२७९ या तीन शतकांत, चीनमध्ये निसर्गचित्रणाने फार मोठी उंची गाठली. वाँगने लॉस एंजलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून याच काळातली चित्रं अभ्यासली होती. त्या काळातला ग्वो शी हा मोठा चित्रकार. 'वसंताची चाहूल' हे त्याचं १०७२चं चित्र आज तैपेईच्या संग्रहालयात आहे. त्याची शिकवण त्याच्या मुलाने लिहून ठेवली, आणि तिच्यातला एक सल्ला फार मोलाचा आहे. डोंगर उंच दाखवायचा असेल तर तो सगळा काढू नका. पायथ्यापासून शिखरापर्यंत पूर्ण काढलात तर तो उंच वाटणार नाही. त्याच्या कमरेला धुकं गुंडाळा, मग बघा.

'बॅम्बी'तल्या जंगलाची किल्ली याच सल्ल्यात आहे असं मला वाटतं. झाडाचा मधला भाग दाखवून वरचं-खालचं झाकलं की पाहणारा उरलेलं झाड मनात वाढवतो, आणि मनातलं झाड नेहमीच कागदावरच्या झाडापेक्षा उंच असतं. सोंग काळातल्या मा युआनसारख्या चित्रकारांनी तर चित्रातलं सगळं वजन एका कोपऱ्यात ठेवलं आणि उरलेला पट जवळपास कोरा सोडला. पाणी काढायचंच नाही, होडीभोवती चार-दोन रेषा ओढायच्या, बाकी रेशीम तसंच ठेवायचं. बर्फालाही तोच न्याय. बर्फ रंगवत नाहीत, त्याच्या भोवतालचं आकाश आणि दगड किंचित काळवंडवतात, मग मधला कोरा भाग आपोआप बर्फ होतो.

या पद्धतीमागे साहित्याचाही मोठा हात आहे. चिनी शाई म्हणजे पाइनची किंवा तेलाची काजळी, प्राण्यांच्या सरसात मळून वाळवलेली कांडी. आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशी ती दगडावर पाणी घालून उगाळायची. जितकं उगाळाल तितकी ती गडद होते, जितकं पाणी घालाल तितकी फिकी. रंग एकच, पण छटा असंख्य. कुंचला आधी पाण्यात भिजवायचा, थोडा निथळायचा आणि फक्त टोक दाट शाईत बुडवायचं. मग तो आडवा करून एक फटकारा मारला, तर त्या एकाच फटकाऱ्याची एक कड काळी येते आणि दुसरी विरत विरत कागदात मिसळते. दगडाची उजेडाची आणि सावलीची बाजू एका हातात तयार. चिनी चित्रकार वापरतात तो कच्चा शुआन कागद शाई लगेच पिऊन घेतो. हात थबकला की तिथे डाग पसरतो, घाई केली तर कुंचला कोरडा खरखरत जातो. खोडता येत नाही, वरून झाकता येत नाही. तैलरंगात चुकलं तर खरवडून पुन्हा रंगवता येतं, इथे ती सोय नाही. म्हणून काय काढायचं आणि कुठे थांबायचं हे कागदाला हात लावण्याआधीच ठरलेलं असावं लागतं.

वाँगला हे शिक्षण लहानपणीच मिळालं होतं, आणि तेही शाईविना. वडील त्याच्याकडून रोज अक्षरं गिरवून घेत. शाई आणि चांगला कागद परवडत नव्हता, म्हणून कुंचला पाण्यात बुडवून वर्तमानपत्रावर गिरवायचं. पाणी वाळलं की अक्षर गेलं. लिहिलेलं टिकतच नाही म्हटल्यावर लक्ष राहणार ते हाताच्या वळणावर, दाबावर आणि वेगावर.

तो अमेरिकेत आला कसा, तेही सांगायला हवं. जन्म २५ ऑक्टोबर १९१०चा, गुआंगदोंग प्रांतातल्या ताइशान भागातला. नऊ-दहा वर्षांचा असताना तो वडिलांबरोबर निघाला. आई आणि बहीण मागे राहिल्या, आणि आईची पुन्हा भेट झालीच नाही. अमेरिकेत तेव्हा चिनी लोकांना प्रवेशबंदी करणारा १८८२चा कायदा लागू होता. व्यापारी, विद्यार्थी अशा मोजक्या वर्गांना आणि अमेरिकी नागरिकांच्या मुलांना तेवढी सूट होती. १९०६च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोमधल्या जन्मनोंदी जळून गेल्या, तेव्हा अनेकांनी आपण इथेच जन्मल्याचा दावा केला आणि पुढे चीनमधल्या मुलांसाठी कागदोपत्री नाती तयार झाली. अशा मुलांना 'पेपर सन', कागदावरचा मुलगा, म्हणत. वाँगही त्यातलाच, खोट्या नावाने आलेला.

३० डिसेंबर १९२० रोजी त्यांची बोट सॅन फ्रान्सिस्को उपसागरातल्या एंजल आयलंडच्या तपासणी केंद्राला लागली. वडील आधी अमेरिकेत राहून गेलेले, त्यांना लवकर सोडलं. हा मुलगा मात्र काही आठवडे एकटाच तिथे अडकून पडला. या केंद्रावरची उलटतपासणी भयंकर असे. गावात घरं किती, दारं कुठल्या दिशेला, शेजारी कोण, असले प्रश्न विचारून बापाची आणि मुलाची उत्तरं ताडून बघत, आणि एखादं उत्तर चुकलं की परत पाठवत. त्या चौकशीतून हा मुलगा पार पडला. पुढे शाळेतल्या बाईंनी त्याच्या 'ताइ याओ' या कागदी नावाचं 'टायरस' केलं. लॉस एंजलिसच्या ओटिस कला शाळेत त्याला शिष्यवृत्ती मिळाली, आणि तिथे झाडलोट करून त्याने शिक्षण पूर्ण केलं. पाश्चात्त्य पद्धतीचं शरीररेखाटन, तैलरंग, यथादर्शन (एका जागेवरून दिसतं तसं जवळचं मोठं आणि लांबचं लहान काढण्याची पद्धत) हे सगळं तो तिथे शिकला. म्हणजे डिझ्नीत आलेला वाँग दोन्ही भाषा बोलणारा चित्रकार होता. एकाच परंपरेत मुरलेल्या माणसाला हा पेच इतक्या सहज सुटला नसता.

आता एका महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष द्या. वाँगची 'बॅम्बी'साठीची चित्रं शाईची नव्हती. जलरंग आणि पेस्टल वापरून ती केली होती. चित्रपटातल्या अंतिम पार्श्वभूमी तर स्टुडिओच्या इतर चित्रकारांनी तैलरंगात रंगवल्या. शुआन कागद नाही, काजळीची शाई नाही, चित्रावर चित्रकाराचा लाल शिक्का नाही. मग यात चिनी काय उरलं? उरला तो चित्रातला हिशेब. डोळा जिथे जायला हवा तिथेच तपशील द्यायचा, कडांकडे जाताना आकार सैल करत न्यायचे आणि कोऱ्या जागेला हवेचं, अंतराचं, थंडीचं काम करायला लावायचं. हा हिशेब कुठल्याही रंगात मांडता येतो. म्हणूनच एका माणसाची दृष्टी दुसऱ्या माध्यमात काम करणाऱ्या पूर्ण चमूला उचलता आली.

याला मल्टिप्लेन कॅमेऱ्याचीही साथ मिळाली. काचेच्या अनेक पातळ्या एकीखाली एक ठेवायच्या, प्रत्येकीवर दृश्याचा वेगळा थर रंगवायचा आणि त्यांना वेगवेगळ्या वेगाने सरकवत वरून चित्रण करायचं, अशी ती रचना. 'बॅम्बी'च्या सुरुवातीला आपण जंगलात शिरत जातो, झाडांमागून झाडं सरकतात, ते याच कॅमेऱ्याने टिपलेलं. ग्वो शीने डोंगर पाहण्याचे तीन अंतर-प्रकार सांगितले होते: पायथ्याशी उभं राहून शिखराकडे, पुढच्या डोंगरातून मागच्या डोंगरात खोल, आणि जवळच्या डोंगरावरून लांबवर सपाट. चिनी निसर्गचित्रात एकाच जागी उभं राहून बघायचं बंधन नसतं. लांब गुंडाळीचं चित्र तर हळूहळू उलगडत, नजरेने चालत पाहायचं असतं. सरकत्या कॅमेऱ्याला या प्रकारचं चित्र मानवणारच होतं. युरोपीय यथादर्शनातला एक ठरलेला डोळा कॅमेरा हलला की अडचणीत येतो.

पुढच्या वेळी 'बॅम्बी' पाहाल तेव्हा नरांच्या झुंजीचा प्रसंग लक्ष देऊन बघा. तिथे अंगावरचा तपशील जवळपास गेलेला आहे, उरल्या आहेत त्या प्रखर रंगापुढच्या काळ्या आकृत्या. आईच्या मृत्यूनंतरचं बर्फ बघा. बॅम्बी हाका मारत फिरतो आणि पडणारं बर्फ एकेक करून झाडं पुसत जातं. पडदा रिकामा होत जातो तसं त्याचं एकटेपण वाढतं. कोरी जागा इथे गोष्टच सांगते आहे. लहानपणी हा प्रसंग पाहून रडलेली माणसं जगभर आहेत. त्या रडण्यामागे संगीताइतकाच या पांढऱ्या रिकामपणाचाही हात आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

वाँगला याचं श्रेय मिळालं का? चित्रपट ऑगस्ट १९४२मध्ये आला तेव्हा त्याचं नाव पार्श्वभूमी रंगवणाऱ्यांच्या यादीत होतं, इतरांबरोबरचं एक नाव. तोवर तो डिझ्नीत राहिलेलाही नव्हता. १९४१च्या कर्मचारी संपानंतर त्याला कामावरून काढलं होतं. पुढची २६ वर्षं त्याने वॉर्नर ब्रदर्समध्ये चित्रपटांची दृश्यरेखाटनं केली. ख्रिसमसची भेटकार्डं रंगवली, त्यातल्या एका कार्डाच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. प्रवेशबंदीचा कायदा १९४३मध्ये उठला, पण चिनी लोकांसाठी वर्षाला फक्त १०५ जागा ठेवून. वाँगला नागरिकत्व मिळालं १९४६मध्ये. डिझ्नीने त्याचा मानाने गौरव केला तो २००१मध्ये, तो नव्वदीत असताना. इतक्या उशिरा मिळालेल्या गौरवाचं कौतुक करायला माझी जीभ रेटत नाही. म्हातारपणी तो बांबू आणि कापडाचे प्रचंड पतंग बनवून सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर उडवायचा, त्यात शंभर फुटी गोमही होती. ३० डिसेंबर २०१६ रोजी, वयाच्या १०६व्या वर्षी तो गेला.

वाँगच्या बाबतीत पद्धत आणि गोष्ट यांचं छान जमलं, पण ते दर वेळी जमतंच असं नाही. चियांग यी या दुसऱ्या चिनी चित्रकाराचं उदाहरण घेऊ. तो जिउजियांगचा. आधी सरकारी अधिकारी होता, १९३३मध्ये लंडनला आला. १९३६मध्ये त्याने इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये भटकंती केली आणि तिथली तळी, डोंगर, गायी शाईने रंगवल्या. पुढच्याच वर्षी त्यांचं पुस्तक आलं. डरवेंटवॉटर तळ्याकाठच्या गायींचं त्याचं एक चित्र कलेच्या अभ्यासात फार गाजलं, कारण गॉम्ब्रिच या कलेतिहासकाराने १९६०च्या आपल्या ग्रंथात ते १८२६ सालच्या एका इंग्रजी शिळाछापाच्या शेजारी छापलं. जागा तीच, पण दोन चित्रं दोन देशांची वाटतात. गॉम्ब्रिचचं म्हणणं असं की चित्रकाराला ज्या खुणा काढता येतात त्याच त्याला निसर्गात दिसतात. हाताला लागलेलं वळण डोळ्यासमोर गाळणीसारखं उभं राहतं आणि त्यातून इंग्लंडही चीनसारखं दिसू लागतं.

चियांग यीची ती चित्रं मला आवडतात, पण गॉम्ब्रिचचा मुद्दा टाळता येत नाही. पद्धत सराईत झाली की ती सगळ्यावर एकच झूल घालते. 'बॅम्बी'त ती झूल झाली नाही, कारण तिथे गोष्टीची एक नेमकी गरज होती, लहान जीव आणि अफाट रान एकाच चौकटीत दाखवायची, आणि चिनी पद्धतीकडे त्या गरजेचं नेमकं उत्तर होतं. शिवाय तिथलं हरीणही मूळ मातीत राहिलं नव्हतं. झाल्टनच्या कादंबरीतलं हरीण युरोपातल्या लहान जातीचं, चित्रपटात ते अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं झालं. एकूण एक जण स्थलांतरितच.

हीच कसोटी फिनलंडला लावून बघू. उद्या एखाद्या चिनी चित्रकाराने 'कालेवाला' रंगवायला घेतलं तर? एलियास ल्योनरोट याने गावोगावच्या गायकांकडून लोकगीतं गोळा करून हे महाकाव्य रचलं. पहिली आवृत्ती १८३५ची, वाढवलेली १८४९ची. बर्फ, बर्चची झाडं, धुक्यातली तळी हे सगळं चिनी शाईला इतकं सोयीचं आहे की धोका तिथेच आहे. सुंदर चित्रं भराभर होतील, आणि ती फिनलंडची आहेत हे मथळ्यावरूनच कळेल.

खरी परीक्षा लेम्मिनकाइनेनच्या आईच्या कथेत आहे. हा पोरगा मृत्युलोकाच्या, तुओनेलाच्या, नदीवरचा हंस मारायला जातो आणि स्वतःच मारला जातो. त्याच्या देहाचे तुकडे नदीत फेकले जातात. आई दाताळं घेऊन ते तुकडे पाण्यातून ओढून काढते, जोडते आणि मधमाशीने आणलेल्या मधाच्या लेपाने त्याला उठवते. अक्सेली गालेन-काल्लेलाचं १८९७चं चित्र हेल्सिंकीच्या आतेनेउम संग्रहालयात आहे. कडक बाह्यरेषा, पांढराफटक देह, शेजारी बसून वर बघणारी आई आणि मागे काळी नदी. फिनिश मनात ही नदी काळीच आहे. आणि चिनी परंपरेत पाणी म्हणजे न रंगवलेला कागद.

इथे चित्रकाराला निर्णय घ्यावाच लागेल. परंपरेप्रमाणे नदी कोरी ठेवली तर ती नुसतं तळं होईल, मृत्यूची धास्ती येणार नाही. शाईने काळी केली तर कोरी जागा किनाऱ्याकडे सरकेल, आणि मग उजेड कुठून येतो ते सगळं नव्याने मांडावं लागेल. तिसरीही वाट आहे: नदी कोरीच ठेवायची, पण भोवतालचा किनारा, दगड, आकाश इतकं गडद करत न्यायचं की ती कोरी पट्टीच भीषण वाटावी, आणि तिच्या कडेला दाताळं धरलेली आई बोटभर उंचीची काढायची. गालेन-काल्लेलाने आईला चित्रभर मोठं केलं होतं. ती इतकी लहान झाली तर कथा कमकुवत होईल की नदी मोठी होईल, हे कागदावर उतरल्याशिवाय कळणार नाही. मला विचाराल तर मी या तिसऱ्या वाटेवर पैज लावेन.